आबांचं ताट आत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. घरात काही बिघडलंय म्हणून सांगतेय असंही नाही — मुलं मार्गी लागली, कांदा चाळीत आहे, आबा, म्हणजे माझे सासरे, या वयातही दीड भाकरी खातात. सगळं छान चाललंय. तरी हे एक राहिलंय.

मला याद्या करायची सवय. किराणा, गाईंच्या लसी, गॅसचा नंबर — सगळं फ्रीजवर लावलेलं. काष्टीच्या आमच्या घरात काही अडलं की "हिच्या कागदावर बघा" असंच म्हणतात. त्यामुळे आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या किडन्या खराब झाल्यात असं गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी रडत बसले नाही. तक्ता केला. दोन्ही वेळा मऊ भात, उकडलेला दुधी, अंड्यातलं पांढरं. मीठ नाही, मटण नाही, मासळी तर नाहीच. खाल्लं की बरोबरची खूण.

भुऱ्या खाईना. हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. तीन दिवस तक्ता कोरा. मला जास्त काय सलत होतं — त्याचं उपाशी पोट, की तो कोरा कागद? खरं सांगू? दोन्ही. चौथ्या दिवशी त्याला गोठ्यामागे नेलं आणि भातावर चिमूटभर सुकट चुरडली. ताटली चाटून लख्ख! मी खूण केली. मग रोजच. चिमटीची मूठ कधी झाली, ते तक्त्यात नाही.

महिन्यानं रक्त तपासलं. दुखणं वाढलेलं. डॉक्टरांनी माझा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाले, यात तर चूक दिसत नाही, घरातलं दुसरं कुणी काही घालतं का?

दुसरं कुणी — कोण असणार? आबा दुपारी ओट्यावर जेवायचे आणि भुऱ्या त्यांच्या मांडीला टेकून बसायचा. कित्येक वर्षं.

घरी आल्या आल्या नवरा म्हणाला, "आबा, तुमीच भाकरी टाकताय त्याला. लई लाड!"

"न्हाई रं. दुखणं कळल्यापास्नं तुकडा न्हाई टाकला. गळ्यात माळ हाय माझ्या, खोटं कशाला बोलू?"

"मग हिचा कागद खोटा व्हय?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं होतं ते इतकंच — सुकट मी घातली. माझ्या बोटांना तेव्हाही तिचा वास होता. आणि मी काय म्हणाले? "जाऊ द्या. उद्यापासून आबांचं ताट आत वाढते."

सुकट मी त्याच दिवशी थांबवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला, भात खात नाही म्हणून. त्यांनी मळमळीची गोळी दिली, आणि भुऱ्या भात खायला लागला. इतकं सोपं होतं. पुढचा रिपोर्ट सुधारला. नवरा हसत म्हणाला, "बघा आबा, तुमी आत बसलात अन् गडी सुधारला!"

माळकरी माणसाच्या शब्दापेक्षा माझा कागद खरा ठरला होता.

दुपारी मी दार लावून घ्यायचे. आत आबा जेवायचे, बाहेर भुऱ्या दाराला पाठ लावून बसायचा. असा तो दीड वर्ष जगला — चांगला जगला, याचं मला आजही समाधान आहे. एका सकाळी ओट्यावरच उन्हात पडल्या पडल्या गेला.

आता ओटा मोकळा आहे. बाहेर वारं असतं, आबांना आवडायचं तिथे. बसा म्हणायला काय हरकत आहे? पण म्हटलं, तर आत का बसवलं होतं ते निघेल.

आज मेथी होती. आबांचं ताट मी आत वाढलं.