शिंकायची इजाजत

"हुजूर, ये तो भांड है. गाँव का बंदर. इसकी बात का क्या वजन?"

असं बोलला तो माझाच वकील. सरकारी न्हाई. माझा. परभणीच्या भरल्या कोर्टात, माझ्याकडं बोट करून. मुन्सफ हसला. कारकून हसला. मला धरून उभा असलेला शिपाई बी हसला. मी आजवर लय लोकांना हसवलं. तोंड न उघडता हसवलं ते त्याच दिवशी.

मी मानवतच्या शिंप्याचं पोरगं. शाळेत मास्तरांची नक्कल करून छड्या खाल्ल्या, तरी खोड गेली न्हाई. कुणाचं चालणं, कुणाचं खोकणं, एकदा बघितलं की अंगात येतं. भांड म्हंजे असाच नकल्या. म्हणून तर याच वकीलसाबांच्या बैठकीत मला बोलावणं. मोठा माणूस. शेतीवाडी, माडी, दारात घोडागाडी. बंदी असलेली बाहेरच्या मुलखातली वर्तमानपत्रं चोरून आणायचे आन् आमाला वाचून दाखवायचे. "बोलायचा हक्क ही कुणाच्या बापाची देणगी न्हाई," म्हणायचे. ते वाक्य मला पाठ होतं. त्यांच्या आवाजासकट.

एकदा तहसीलदार बाजारात हैदराबादच्या सरकारचा हुकूम वाचायला आला. इजाजतीबिगर जमायचं न्हाई. सभा न्हाई. बाहेरचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं न्हाई. मधीच त्याला शिंक आली. ओळ हुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा शिंक. लोक उन्हात उभे. हसायची छाती कुणाची?

संध्याकाळी बैठकीत मी ते करून दाखवलं. नाक वर, डोळे मिटलेले, हात कपाळाला. "सरकार, शिंक यायलीय. इजाजत?"

वकीलसाब लोडावर आडवे झाले. डोळे पुसत म्हणाले, "गड्या, हे बाजारात कर. धरलं तर मी हाय. असा खटला लढू, हैदराबादेपतूर आवाज जाईल."

केलं. कापसाच्या गाडीवर उभं राहून. सगळा बाजार हसला. हसू विरायच्या आत मला उचललं.

फिर्यादीत लिहिलं होतं, आरोपीनं शिंकून सरकारची बेअदबी केली. मुन्सफ म्हणाला, "कैसे छींका? करके दिखाओ."

मी वकीलसाबांकडं बघितलं. म्हणलं, आता लढतील. ते माझ्या कानाशी आले. "येड्यावानी कर. जीभ बाहेर काढ. बगल खाजव. सोडून देतील."

"आन् हक्क?"

"माझी सनद काढून घेतील रे. सकाळीच समज मिळालीय मला. तू सुटायलास ना? मग?"

ते मुन्सफाकडं वळले, माझ्याकडं बोट केलं आन् ते भांडाचं वाक्य बोलले. मी जीभ बाहेर काढली. बगल खाजवली. कोर्ट खदखदलं.

दाराजवळ बाप उभा होता. कोर्टात पोरगं नीट दिसावं म्हणून त्यानं मला नवा सदरा शिवला होता. त्याच सदऱ्यात मी माकड झालो होतो. बापानं मान खाली घातली.

मुन्सफ कारकुनाला म्हणाला, "लिखो. मुलजिम पागल है."

तिथं डोक्यात लख्ख झालं. मी येडा ठरलो तर मी सुटतो. पर मग बाजारात हसले ते बी येडे. आमचं बोलणं येडं, आमचं हसणं येडं. त्यांचा हुकूम तेवढा शहाणा.

बगलेतला हात खाली घेतला. सदरा सारखा केला.

"हुजूर, मी येडा न्हाई. समजून केलं. असं केलं."

आन् केलं. नाक वर, डोळे मिटलेले, हात कपाळाला. "सरकार, शिंक यायलीय. इजाजत?"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. मुन्सफाचा ओठ हलला. त्यानं तो दाबला आन् मला सजा सुनावली. वकीलसाब कागद गोळा करायले होते. माझ्याकडं बघितलं न्हाई.

सजा भोगून घरी आलो तर वकीलसाबांचा गडी दारात हजर. "चला. पाव्हणे आलेत. साब म्हणतेत, ती शिंक करून दाखव."

गेलो. वकीलसाब पाव्हण्यांना सांगायले होते, "आमीच लढवला तो खटला."

मी बैठकीच्या मधोमध उभा राहिलो. खांदा जरा वाकडा केला. नसलेलं उपरणं सावरलं. बोट पुढं केलं. "हुजूर, ये तो भांड है. इसकी बात का क्या वजन?"

कुणी हसलं न्हाई.

"अरे, तुझ्या भल्यासाठीच केलं रे ते..." वकीलसाब म्हणाले.

"हा आवाज बी येतो मला," मी म्हणलं आन् उतरलो.

त्या बैठकीची पायरी पुन्हा चढलो न्हाई. बाजारात करतो. गाडीवर उभा राहून, भर उन्हात. तहसीलदाराची करतो, वकिलाची बी करतो. इजाजत मागत न्हाई. पुन्हा धरतील. धरू द्या. आता माझ्या वतीनं कुणी बोलायचं न्हाई. मी सोता बोलीन.

बापाला सांगितलंय, कोर्टाचा सदरा धुऊन ठेव.