चुलीचे तीन दगड

वडीगोद्रीच्या हायवेला भुजंगचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. घराणं मेंढपाळांचं, पण याच्या हातात काठी कधी टिकली नाही. फोन मात्र असा बसला की विचारू नका. सातासमुद्रापारच्या कुठल्याशा कंपनीच्या नकाशात तो फावल्या वेळात आपला मुलूख भरायचा. पिठाची गिरणी, देऊळ, पंक्चरवाला. बदल्यात काय, तर नावापुढे एक चांदणी. तिसरी मिळाली तेव्हा गड्यानं चौकात पेढे वाटले होते.

त्या हिवाळ्यात फोननं त्याला गायरानाबद्दल विचारलं, इथे कोणी राहतं का? हो किंवा नाही, तिसरं उत्तर नव्हतं. भुजंग गाडीवर जाऊन आला. तिथल्या वस्तीवरची, त्याच्याच भावकीतली माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन लांब गेलेली. पण चुली जागच्या जागी होत्या. तीन-तीन दगड, काजळीची बाजू आत वळवून ठेवलेली. आम्ही परत येणार, असा त्याचा अर्थ. तो त्याला आईनंच शिकवला होता. दगड त्याला दिसले. तरी त्यानं फोटो काढला, ‘नाही’ दाबलं आणि चौथी चांदणी घेतली.

पूर्वी मुलूख घ्यायचा तर फौज पाठवावी लागायची. आता आपलाच माणूस फुकटात काम करून देतो, वर पेढेही वाटतो.

पुढच्या वर्षी वस्ती फिरस्तीहून परतली, ती तारेच्या कुंपणापाशी. आत सोलरच्या पाट्या. वीज म्हणे त्याच कंपनीच्या कंप्युटरांना. भुजंगची चुलती कडूबाई दुकानात आली.

“भुजंगा, तुला त्यांचं बोलणं कळतंय. चल, सांग बरं त्याहिला.”

फाटकावरच्या साहेबानं वाद घातला नाही. अदबीनं फोन पुढे केला. “आजी, रेकॉर्डला इथं कोणीच राहत नाही. हा बघा फोटो.”

कडूबाईनं डोळे बारीक केले. “ह्या तर माझ्याच चुली. काढणारा आंधळा व्हता का रं?”

भुजंगचे कान तापले. चूक माझी, मीच भरलं, एवढं साहेबासमोर बोलला असता तर निदान चौकशी तरी झाली असती. त्याला ते ठाऊक होतं. पण चौकात वाटलेले पेढे आठवले आणि लाज आडवी आली.

“असंल कोणी भाईरचा,” तो म्हणाला.

“मंग त्याचा काय दोष?” म्हातारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “त्याला काय माहीत आपलं. तू नको मनाला लावून घेऊ.”