पाइप थंड व्हायला अर्धा तास

अंतराळयानात इंधन भरायला किती वेळ लागतो हे मी एका झटक्यात काढलं होतं आणि मला त्याचा भारी गर्व होता. नेपियर टाउनच्या कोचिंगमध्ये हौद आणि नळाची गणितं शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली. टाकी एवढी, पंप एवढा, भागाकार केला. उत्तर वीस मिनिटं.

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ रंगतो. कागद, पेन्सिली आणि फासे. मी प्रसंग सांगतो. बायको आणि तिच्या दोन मैत्रिणी आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. बायको यानाची कप्तान. ही कप्तान तिने तीन वर्षं जिवापाड जपली होती, आणि माझा नियम कडक: मेलेलं पात्र परत येत नाही.

त्या रविवारी यान इंधनतळाला लागलेलं होतं आणि लुटारू अर्ध्या तासावर येऊन ठेपले होते. "भरायला वीस मिनिटं," मी ऐटीत जाहीर केलं. मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात सोफ्यावरचा पेपर खाली आला. सासरे रांझीहून खोव्याची जलेबी घेऊन आले होते. आमच्या खेळाला ते पोरखेळ म्हणायचे.

"वीस मिनिटं काहून? भरून काय राहिले तुम्ही?"

"द्रव ऑक्सिजन, बाबा. इंधन जाळायला तोच लागतो."

"अच्छा! मग पाइप कोण थंडा करणार? जावईबापू, हा काही पाण्याचा नळ नाही."

जन्मभर कारखान्यात त्यांनी द्रव ऑक्सिजनचे टँकर रिकामे करून घेतले होते. आता ते उठून टेबलाशीच आले. "साध्या पाइपमध्ये एकदम सोडला, तर तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखा उडून जातो. आधी थोडा थोडा सोडायचा. पाइपवर पांढरं बर्फ चढलं, की मग मोठी झडप. एवढ्या लांब पाइपला अर्धा तास तर थंडा करायलाच लागते."

मला उड्या माराव्याशा वाटल्या! यान भरायला लागणारा खरा वेळ शोधायला मी महिनोन्‌महिने इंटरनेट पालथं घातलं होतं, आणि ज्याला तो ठाऊक तो माणूस माझ्याच सोफ्यावर बसून जलेबी खात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"मंजूर!" मी ओरडलो. "आधी अर्धा तास पाइप, मग वीस मिनिटं इंधन."

मग हिशोब माझ्या लक्षात आला. लुटारू आधी पोचणार. कप्तान मरणार.

"पण मी पाइप थंडा केला आहे!" बायकोचा आवाज चिरकला. "यान लागल्या लागल्याच! लहानपणापासून बाबांकडून हेच ऐकून राहिली मी."

"मला सांगितलं नाहीस. सांगितलं नाही म्हणजे केलं नाही." नियम म्हणजे नियम, मी अशा वेळी फार हट्टी होतो.

तिने वडिलांकडे पाहिलं. तेही विरघळले नाहीत. "लिहिलं आहे काय, बेटा?"

ती धावत आत गेली आणि वही घेऊन आली. दर रविवारी ती यानाची नोंदवही लिहायची आणि खेळ संपला की माझी सही घ्यायची. त्या वहीवरून मी तिला चिडवायचो. तिने ती माझ्यापुढे नाही, वडिलांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा चढवला आणि मागच्या रविवारचं पान मोठ्याने वाचलं.

"तळाला लागताच पाइप जोडला. झडप किंचित उघडी ठेवली. थंड करणे सुरू." त्यांनी मान वर केली. "याला यानाच्या घड्याळात किती वेळ झाला?"

"एक तास," मी म्हणालो.

त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "आणि ही सही कोणाची?"

"माझी. पण बाबा, मी वाचलंच नव्हतं..."

"चलो, मग पाइप थंडा आहे," सासरे म्हणाले आणि खुर्ची ओढून मुलीच्या शेजारी बसले. "बेटा, मोठी झडप उघड."