चांदणीची आंघोळ

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांना आंघोळ घातली. तेव्हापासून गल्लीत मला कोणी सल्ला विचारत नाही.

पोंभुर्ण्यात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि 'सर्व्हर डाऊन आहे' अशी पाटी. (ती पेंटरकडून कायमची रंगवून घेतली आहे.) दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरता भरता माणसाला हळूहळू आपण सर्वज्ञ असल्याचा भास व्हायला लागतो. मला तो फार आधीच झाला होता.

बायको, सुनंदा, धानाच्या मळणीसाठी माहेरी निघाली. माहेर अहेरीच्या पुढे. जाताना तिने कोंबड्या माझ्या ताब्यात दिल्या आणि दारात उभी राहून बजावलं, "सकाळी दाने टाका, संध्याकाळी खुराड्याचं दार लावा. बस! डोकं लावू नका."

"एवढ्याशा कामाले डोकं कशाले लागते?" मी म्हणालो.

"म्हनूनच सांगून राह्यलो. आन माझ्या चांदणीले काही झालं ना, तं मले तोंड दाखवू नका. मंडईले आई येऊन राह्यली माझ्यासंगं. घरात पाय टाकला का पयले चांदणीलेच पाहीन ते!"

चांदणी ही सासूबाईंनी लेकीला दिलेली पांढरीशुभ्र कोंबडी. सासूबाईंनी मला लग्नात एक घड्याळ दिलं होतं, त्याची चौकशी त्यांनी आजवर एकदाही केलेली नाही. चांदणीची मात्र प्रत्येक फोनवर करतात. आणि मंडई म्हणजे आमच्याकडची दुसरी दिवाळी! धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते, नाटक होतं, पाहुण्यांनी घर फुटायला येतं. त्या गर्दीत सासूबाईंसमोर चांदणीशिवाय उभं राहण्याची माझी हिंमत नव्हती.

तर मी नेमून दिल्याप्रमाणे सकाळी खुराड्याची कडी काढून दाणे टाकायचो. चारी दिशांनी कोंबड्या धावत यायच्या, खायच्या, जायच्या. दिवे लागायच्या वेळी मी खुराड्याचं दार लावून कडी घालायचो. हे खुराडं मी स्वतः बनवलेलं, जुन्या खिडक्यांच्या अस्सल सागवानाचं! फटी थोड्या राहिल्या होत्या, पण सागवान ते सागवान. सगळं शिस्तीत चाललं होतं. फक्त अंडी येत नव्हती. एकही नाही!

एका दुपारी मी खुराड्यात हात घालून चाचपलं. अंडं लागलं नाही, पण हात बाहेर काढला तर मनगटापासून कोपरापर्यंत लाल लाल टिंबं पळत सुटलेली! आणि खाज अशी, की मी खांबाला पाठ घासत अर्धा तास उभा होतो. मग खाजवत खाजवत मोबाईल उघडला. निदान लगेच झालं. माइट! कोंबड्यांचं रक्त पिणारे किडे! थंडीत वाढतात! अंडी बंद होतात! इतका अचूक रोग मी आजवर कुठल्या माणसातसुद्धा पकडला नव्हता.

व्हिडिओतला माणूस सांगत होता, "एकाच वेळी सगळ्या कोंबड्यांचा उपचार करा, नाहीतर किडे परत येतात. त्यासाठी लागेल कडुनिंबाचं पाणी आणि चुलीची राख..." एवढं ऐकून मी व्हिडिओ बंद केला. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणं हे ज्यांना विषय कळत नाही त्यांचं काम.

सगळ्या कोंबड्या म्हणजे अर्थातच सगळ्या गल्लीच्या. राखेचा प्रश्न नव्हता. शेजारच्या रेखाबाई चुलीतली राख रोज आमच्या भिंतीलगत आपल्या अंगणाच्या कोपऱ्यात ओततात. त्या ढिगाबद्दल मी त्यांना स्वच्छतेवर अनेक व्याख्यानं दिलेली होती.

"रेखाबाई, तुमची राख पाह्यजे होती."

"न्या ना बापा! मी कधीची उचलन उचलन म्हन्तो, होतच नाई. सारीच न्या."

समोरचे देवाजीभाऊ मात्र अडून बसले. "विलासभाऊ, येवढा म्हातारा झालो, पन कोंबडीले आंघोळ घालताना कोनाले पाह्यलं नाई. या थंडीत मीच आंघोळ करून नाई राह्यलो!"

"देवाजीभाऊ, हे किडे मानसाले बी चावतात."

देवाजीभाऊ लगेच मान खाजवायला लागले. मग बायको, सून, नातू असं सगळं घर खाजवायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोंबड्या रांगेत सगळ्यात पुढे होत्या.

तो रविवार होता. धुकं असं, की रेखाबाईंचं घर नुसतं आवाजावरून कळत होतं. अंगणात मोठ्या पितळी गंजात कडुनिंबाचा पाला उकळत होता, बाजूला शेकोटी, आणि काखेत कोंबडी धरून अख्खी गल्ली रांगेत! आमच्या कोंबड्या मी दाणे टाकून पकडल्या होत्या. आमच्याकडे कोंबड्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येक घर पायाला आपापली चिंधी बांधतं. रेखाबाईंची लाल लुगड्याची, देवाजीभाऊंची जुन्या लुंगीची हिरवी, आमची पिवळी. मी कात्री घेतली आणि पहिल्याच कोंबडीची चिंधी कापली.

"हे काऊन कापता भाऊ?" रेखाबाई ओरडल्या.

"किडे चिंधीखालीच लपतात."

"आन मंग ओळखाची कशी?"

"डोळे हायेत ना तुम्हाले! येवढ्या रंगीबेरंगी कोंबड्या, ओळखाले काय लागते?"

पुन्हा संसर्ग नको म्हणून सगळ्या चिंध्या शेकोटीत टाकल्या. (माझा काटेकोरपणा!) मग एकेक कोंबडी कोमट झालेल्या काढ्यात गळ्यापर्यंत बुडवायची आणि बाहेर काढली की राखेच्या घमेल्यात लोळवायची, असा धडाका सुरू झाला. देवाजीभाऊंच्या कोंबड्याने मला दोनदा टोचलं, तरी मी विज्ञानाची बाजू सोडली नाही.

आता ओल्या पिसावर राख लावली की काय होतं, हे घर बांधलेल्या कोणत्याही माणसाला सांगता आलं असतं. गिलावा होतो! काळी, तांबडी, ठिपक्याठिपक्यांची कवडी, पांढरी, सगळ्या कोंबड्या एकाच रंगाच्या झाल्या. चालल्या तरी अंगावरचा थर हलेना. त्यात धुकं हटलं आणि गार वारा सुटला. कोंबड्या माना आत घेऊन थरथर कापायला लागल्या.

"मरतीन ना वो या!" देवाजीभाऊंची सून रडकुंडीला आली.

मी घाईघाईने सगळ्यांना पुढच्या खोलीत घेतलं आणि हीटर लावला. प्रिंटरवर कोंबड्या, खुर्चीवर कोंबड्या, 'सर्व्हर डाऊन'च्या पाटीवर दोन कोंबड्या. एक गृहस्थ आधारचा पत्ता बदलायला आले. दार उघडलं, आत पाहिलं आणि आहे त्या पत्त्यावर समाधान मानून परत गेले.

दुपार टळेपर्यंत कोंबड्यांचं कापणं थांबलं. मी सुटकेचा निःश्वास टाकतो तोच सुनंदाचा फोन. "गोंडपिपरीले पोचलो. येतोच आता. आई विचारून राह्यली, चांदणी बरी हाये ना?"

मी खोलीभर नजर फिरवली. "एकदम मजेत!" (त्यातली एक नक्कीच चांदणी होती, त्यामुळे हे खोटं म्हणता येणार नाही.)

तेवढ्यात गल्ली आपापल्या कोंबड्या न्यायला आली आणि खरा तमाशा सुरू झाला.

"हे माझी!"

"तुही कशी? माझी भरल्या अंगाची हाये!"

"आमची बी भरल्याच अंगाची होती!"

सगळ्यात गुबगुबीत कोंबडी एकाच वेळी चार घरांची निघाली. कोपऱ्यातल्या मरतुकडीला मात्र कोणी वारस मिळेना. "ते विलासभाऊची असन," यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मी ओल्या फडक्याने एकीला पुसून पाहिलं, तर गिलावा आणखी पक्का बसला. दुसरीला चमच्याने खरवडलं. आतून काळी निघाली आणि माझ्या अंगठ्यातून रक्त. शेवटी मी खोलीच्या मधोमध बसून आर्जवाने हाक मारली, "चांदणीऽऽ! चांदणी बाईऽऽ!" एकीनेही मान वळवली नाही. देवाजीभाऊ मात्र बाहेर जाऊन सगळ्यांना सांगून आले, की विलासभाऊ कामातून गेला.

निरुपाय म्हणून मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. तो माणूस पुढे शांतपणे सांगत होता, "कडुनिंबाचं पाणी खुराड्याच्या फटींमध्ये ओता, किडे तिथेच राहतात. कोंबड्यांना फक्त कोरडी राख लावा. आणि थंडीच्या दिवसांत कोंबडीला चुकूनही ओलं करू नका."

"चुकून तं नाईच केलं," रेखाबाई माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाल्या. "चांगली रांग लावून केलं!"

आणि बाहेर ऑटो थांबला. उन्हं कलली होती. सुनंदाने बाहेरून दार ढकललं, मागे पिशव्या घेतलेल्या सासूबाई. "अवो, येवढे लोक काऊन जमले..." एवढंच ती बोलू शकली. तिच्या पायांमधून, सासूबाईंच्या पिशव्यांवरून, देवाजीभाऊंच्या डोक्यावरून सगळी फौज फडफडत बाहेर पडली!

संपलं, असं मला वाटलं. पण अंगणात पोचताच कोंबड्या जरा थबकल्या, अंग झटकलं आणि मावळतीच्या उजेडात सरळ आपापल्या घरी चालायला लागल्या. काही देवाजीभाऊंच्या ओट्यावर चढल्या, काही पलीकडच्या गोठ्यात शिरल्या. कोणाला काही विचारावं लागलं नाही.

आमच्या कोंबड्याही निघाल्या. आमच्या सागवानी खुराड्यासमोरून, त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता, त्या टुणकन भिंतीवर चढल्या आणि रेखाबाईंच्या अंगणात उतरल्या. तिथे कोपऱ्यात ढिगाची थोडी राख उरली होती. पुढची कोंबडी त्यात लोळली, घुसळली, पंख झाडले, आणि वाळलेल्या गिलाव्याचे पोपडे पडून आतून पांढरीशुभ्र चांदणी निघाली. मग ती रुबाबात रेखाबाईंच्या सरपणाखाली जाऊन बसली. तिथे मडकीभर अंडी होती.

"आता काय सांगू बाई," रेखाबाई सुनंदाला म्हणाल्या, "तू गेली तवापासून इथीच असतेत. या राखेत लोळतेत, रात्री बी इथीच झोपतेत. भाऊले सांगाले आली होती मी, तं त्यायनं मलेच राखेच्या ढिगावर भाषन देल्लं."

सुनंदा माझ्याकडे वळली. "मंग तुमी रोज संध्याकाळी दार कशाचं लावत होते?"

पंधरा दिवस मी रिकाम्या खुराड्याला कडी घालत होतो. वर कडी हलवून, पक्की बसली ना, हेही तपासत होतो!

सासूबाईंनी खुराड्यात डोकावून पाहिलं. फटीवर बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. मग भिंतीपलीकडे चांदणीला पाहून त्यांचा चेहरा निवला. माझा जीव भांड्यात पडला.

"चांगली हाये ना आई?" सुनंदाने भीत भीत विचारलं.

"मोठी हुशार हाये माझी चांदणी," सासूबाई म्हणाल्या. "घर बरं नाई दिसलं, तं पयल्याच दिवशी सोडून गेली." मग त्यांनी लेकीकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उसासा टाकला. "तू मात्र अजून इथीच!"

मी केविलवाणं हसलो आणि खाजवायला लागलो. दिवसभर कोंबड्या कुशीत घेतल्याने त्यांचे जे काही उरलेसुरले किडे होते, ते आता माझे होते. सुनंदाने मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. आतून एक रिकामं घमेलं बाहेर सरकवलं आणि दार लावून घेतलं.

अंगणात बसून मी रेखाबाईंकडून मागून आणलेली राख अंगाला चोळली. कोरडीच चोळली! व्हिडिओ मी आता शेवटपर्यंत पाहिला होता.