खंडेनवमीला धुतलेलं हेल्मेट

अमेरिकेत पार्सिपनी गावातल्या मराठी मंडळींत दिगंबर सोनटक्केबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. डेटाबेस अडला की त्याला फोन करायचा, आणि त्याच्या घरी जेवायला गेलं तर बेसमेंटचा विषय काढायचा नाही. बेसमेंटमध्ये उतरलेला माणूस पाऊण तासाच्या आत वर येत नसे. तिथे रॅकवर अकरा ब्रिटिश हेल्मेटं होती, सगळी अफगाणिस्तानच्या लढाईतली, आणि दिगंबर एकेकाची जन्मकुंडली सांगे. आतल्या लेबलवर साल कुठलं, हनुवटीचा पट्टा मूळचा की मागून लावलेला, वरचं कापडी कव्हर त्याच हेल्मेटचं की दुसऱ्याचं चढवलेलं. वर पाहुण्यांच्या पोळ्या गार होत. रत्ना, त्याची बायको, त्या हेल्मेटांना सरसकट ‘पातेली’ म्हणायची.

हा नाद लागला २००९ साली. कंपनीने त्याला वर्षभर इंग्लंडला, स्विंडनला पाठवलं होतं. एकदा शेजारच्या गावातून जाताना रस्ता अडला, म्हणून तो चिडून गाडीतून उतरला, तर दोन्ही बाजूंना माणसं गप्प उभी. मधून अफगाणिस्तानात पडलेल्या एका सैनिकाची शवपेटी चालली होती. त्या पोराचं नाव काय, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. ते न विचारणं त्याला पुढे फार खात राहिलं. त्यामुळे नुसती हेल्मेटं जमवून त्याचं समाधान होत नसे. हेल्मेट कुणाचं, हे कळलं पाहिजे.

ते कधीकधी कळतंही. सैनिक कव्हरवर पेनाने रक्तगट लिहीत, आणि आडनावाची पहिली दोन अक्षरं व आपल्या लष्करी नंबरातले शेवटचे चार आकडे. तेवढ्यावरून माणसापर्यंत पोचता येतं, फक्त ते लिहिलेलं टिकायला हवं. म्हणून हेल्मेट स्वच्छ करून मिरवणाऱ्यांवर दिगंबरचा भारी राग. हेल्मेटवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर कुणी चकचकीत फोटो टाकला की हा खाली एकच वाक्य लिही: धुतलेला माल म्हणजे मेलेला माल. लोक दुखावले जात. दुखावू देत, म्हणायचा.

अकरावं हेल्मेट त्याला यंदा उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या जुन्यापुराण्या वस्तूंच्या एका फ्ली मार्केटमध्ये मिळालं. कव्हर वाळवंटी रंगाचं, मळकट, आणि आतल्या दुमडीवर फिकट शाई. भिंगाने दोन अक्षरं लागली, के आणि ई. आकडे नीट लागेनात. त्याने फोरमवर विचारलं आणि तीन आठवड्यांनी इंग्लंडहून हेलन कर्शॉ नावाच्या बाईची ईमेल आली; आडनावाचं स्पेलिंग के-ईनेच सुरू होणारं. तिचा भाऊ डॅनी अफगाणिस्तानात, हेलमंडमध्ये गेला, त्याला पंधरा वर्षं झाली. त्याच्या नंबरात शेवटी दोन सात होते, आणि सात लिहिताना तो मधे आडवी रेघ मारायचा. हेल्मेट मला नको, तिने लिहिलं होतं. त्याच्या हाताने लिहिलेलं आमच्याकडे काहीच राहिलेलं नाही. ते असेल, तर मला फक्त बघायचं आहे.

दिगंबरने फोनवर वीस फोटो काढले. वीसही फोटोंत तपकिरी कापडावर तपकिरी डाग. मग त्याने अतिनील प्रकाशाची टॉर्च मागवली. तिच्या उजेडात उडालेली शाई कधीकधी काळी होऊन वर येते. टॉर्च शुक्रवारी येणार होती. शुक्रवारी नक्की फोटो पाठवतो, असं त्याने हेलनला कळवलं आणि कव्हर हेल्मेटवर चढवून ते टेबलावर काढून ठेवलं.

त्या शुक्रवारी खंडेनवमी होती.

आता इथे दिगंबरचंच एक पाप सांगायला हवं. रत्ना दरवर्षी खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करी. दोन्ही गाड्या, लॅपटॉप, मिक्सर, एवढंच काय, गॅरेजमधल्या बर्फ उडवायच्या स्नोब्लोअरलाही हळदकुंकू लागे. गेल्या वर्षी दिगंबर भडकला होता. स्नोब्लोअरला फूल मिळतं, आणि जी वस्तू डोक्यावर घालून माणसं मरणाच्या तोंडात गेली तिला तुमच्या घरात मान नाही, असं तो बोलला होता. यंदा घट बसले त्या दिवशी पुन्हा बोलला. रत्नाने दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

शुक्रवारी ऑफिसातून आला तेव्हा टॉर्चचं पार्सल दारात होतं. ते फोडतच तो आत शिरला. हॉलमध्ये पाटाभोवती रांगोळी, झेंडूची फुलं, आणि पाटावर अकरावं हेल्मेट. कव्हरवर हळदकुंकवाची बोटं. कापडाचा रंग उजळला होता आणि त्याला डिटर्जंटचा वास येत होता.

“डॅड, इट लुक्स सो नाइस,” आरोही सोफ्यावरून म्हणाली. त्याची मुलगी, कॉलेजातून वीकेंडला आलेली.

रत्ना प्रसादाची वाटी घेऊन आली. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. कव्हर रात्रभर भिजवलं, ब्रशने घासलं, सकाळी मशीनला लावलं, इस्त्री केली, असं सगळं तिने सांगितलं. शस्त्र धुऊनपुसूनच पूजेला मांडायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दिगंबरने कव्हर काढलं, उलटं केलं, पडदे ओढले आणि टॉर्च लावली. सगळं कापड निळं-पांढरं झगमगलं. साबणातली चमक धाग्याधाग्यात बसली होती. दुमडीवर ना के, ना ई, ना आकडा. त्याने तीनदा बघितलं. मग तो पाटाशेजारीच खाली बसला.

ओरडावं असं त्याला फार वाटलं, पण कोणावर? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मान द्या म्हणून तोच दोन वर्षं घसा कोरडा करत होता, आणि मान दिला गेला. त्याने रत्नाला हेलनचं सगळं सांगितलं. तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

“हे तुम्ही मला आत्ता सांगताय,” ती म्हणाली. “येणाऱ्याजाणाऱ्याला खाली नेऊन तासतास सांगता. मला एकदा तरी नेलंत का?”

दिगंबरने टॉर्च विझवली आणि पडदे पुन्हा उघडले.

जेवण न करताच तो ईमेल लिहायला बसला. ‘कव्हर चुकून धुतलं गेलं’ असं लिहिलं. वाचलं, आणि स्वतःचीच शिसारी आली, कारण फोरमवरचे सगळे लबाड असंच लिहीत. ते खोडून ‘माझ्या बायकोने’ एवढं लिहिलं आणि तेही खोडलं. शेवटी लिहिलं, ‘कव्हर मी धुतलं. अक्षर गेलं. मला क्षमा करा.’ आणि पाठवून टाकलं.

हेलनने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उत्तर दसऱ्याच्या सकाळी आलं, चारच ओळींचं. दिगंबरने ते उभ्याउभ्या वाचलं, मग स्वयंपाकघरात जाऊन रत्नासमोर फोन धरला. तिने हात पुसले आणि वाचलं.

‘वाईट वाटून घेऊ नका. डॅनीचं सामान घरी आलं, त्याच दिवशी आमच्या आईने सगळं धुऊन टाकलं. शर्ट, पिशव्या, खिशातली वहीसुद्धा. त्याच्या वस्तू मळक्या राहू नयेत, असं तिला वाटलं. म्हणून तर मी तुमच्यापर्यंत आले होते.’