नातीच्या मागे बसून

मी पत्त्यांत हुशार आहे हे मला सासरच्या पहिल्याच पोळ्याला कळलं. ते खरं नाही, हे कळायला नात लग्नाची व्हावी लागली.

आमच्या घरी वर्षभर पत्त्यांना कुणी हात लावत नसे. पोळ्याला बैल पुजून झाले, त्यांना गोड घास चारून झाला, की दिवेलागणीला ओसरीवर सतरंजी पडायची आणि सासरे स्वतः कोनाड्यातून पत्त्यांचा जोड काढायचे. तीन पत्ती. पैशांऐवजी चिंचोके. तेवढ्या एका संध्याकाळी बायकाही खेळायला बसायच्या. नवी सून असो की लहान पोर, तिनं मागे बसलेल्या मोठ्या माणसाला आपले पत्ते दाखवायचे, अशी घरची रीत. मागचा माणूस तोंडातून अवाक्षर काढत नसे, म्हणूनच तर त्याला दाखवायचे. माझ्या मागे सासूबाई बसत. पुढे मी सासू झाले, मग आजी झाले आणि ती मागची जागा माझ्याकडे आली. तोरा मात्र खेळणाऱ्याचाच राहिला.

कारण तरुणपणी माझा दरारा होता. माझ्याकडे चांगले पत्ते आले की सासरे, दीर, नणंद, माझे मालक, एकामागून एक डाव सोडून पत्ते टाकून मोकळे होत. दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत निंदण करता करता मी जावेला ऐकवायची की सारे मले भेतात. जाऊ मान खाली घालून हसायची. मला वाटायचं, जळते बिचारी. तेव्हाची मी जी पोर, तिचं डोकं आज सुपात घेऊन पाखडलं तर सगळं फोलच उडेल.

माझी नात म्हणजे मुलाची एकुलती एक. अहेरीत वाढली, पण पोळ्याला दरवर्षी गावी यायची आणि माझ्या पुढ्यात बसून खेळायची. पत्ते हातात आले की डावा खांदा जरासा खाली सोडायची, म्हणजे मला मागून दिसावेत. गणितात पुढे गेली, नागपूरला नोकरी लागली आणि तिथेच कुठे तरी पोकर शिकली. मला तिनं ते गव्हाच्या परातीशी बसून समजावलं. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मधे पाच पत्ते सगळ्यांचे मिळून उघडे पडतात. स्पर्धेत सुरुवातीला सर्वांना सारख्या चकत्या देतात. चकत्या संपल्या की माणूस उठून बाहेर. शेकडो माणसांतून अखेर एक टेबल उरतं, आणि त्या टेबलावर बसता यावं म्हणून माणसं देशोदेशी हिंडतात. त्यांतल्या दोघाचौघांची नावं ती अशी घ्यायची, जशी आम्ही नावाजलेल्या पैलवानांची घेत होतो.

मग एक दिवस तिनं नोकरी सोडली. माझा मुलगा अहेरीला जंगल खात्याच्या कचेरीत आहे. त्याच्या लेखी हा जुगार. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त तिच्या पानाला पान लावून जेवेनासा झाला. ती घरी आली की त्याला आधीच भूक लागलेली असे, नाही तर मुळीच नसे. वर्षभर असं चाललं. सून दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढून थकली.

शेवटी तोड तिनंच काढली. गोव्याला मोठी स्पर्धा होती. बापासमोर उभं राहून म्हणाली की या खेपेला शेवटच्या टेबलावर पोचले तर तुम्ही मला खेळू द्यायचं, नाही पोचले तर मी पत्ते सोडून परत नोकरीला लागेन. त्यानं विचारलं, शब्द? ती म्हणाली, शब्द. मग तो माझ्याकडे वळला.

"बाई, तू जा तिच्यासंगं."

तेव्हा मला वाटलं, राखण म्हणून पाठवून राहिला. ती हरली तर एकटी नको, एवढंच त्याच्या मनात होतं, हे नंतर उमगलं.

गोव्याच्या त्या हॉलबद्दल मी मनात बरंच काही रंगवून ठेवलं होतं. दारू, धिंगाणा, बायकांचे चमचमते कपडे. दार उघडलं तर माणसं बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखी गप्प. थंडी अशी की शाल पुरेना. शेकडो हात चकत्या खालीवर करत होते आणि सगळीकडून करवंटीत चिंचोके हलवल्यासारखा आवाज येत होता. बोलत कुणीच नव्हतं. हरलेला माणूससुद्धा टेबलावर बोटं टेकवून, बाकीच्यांकडे एकदा बघून निघून जाई. एवढ्या सभ्यपणे बुडणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

नात पहिले दोन दिवस टिकली. दोन्ही दिवस ती लांबच्या टेबलावर होती, मला तिची पाठसुद्धा धड दिसत नव्हती. तिसऱ्या दिवशी माणसं कमी झाली, टेबलं कमी झाली आणि तिची खुर्ची लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीला लागून आली. तिथल्या एका कामगारानं माझं वय पाहून मला दोरीच्या अलीकडे खुर्ची आणून दिली. मी थेट तिच्या मागे. आणि तिच्या समोर, टेबलाच्या पलीकडे, ती ज्यांची नावं घ्यायची त्या पैलवानांपैकी एक.

लोक त्याचे फोटो काढत होते. दिसायला म्हणाल तर सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा, सडसडीत, बाह्यांचा स्वेटर घातलेला. सकाळी आत जाताना त्यानं मला नमस्कार केला होता आणि हिंदीत विचारलं होतं की माताजी कुठून आल्या. मी म्हटलं, चंद्रपूर के आगे, अहेरी. मग मी माझ्या लुगड्याकडे त्याची नजर जाते का ते पाहिलं. गेली. मी खूश.

पत्ते वाटले गेले. नातीनं कोपरे उचलले आणि डावा खांदा जरासा खाली सोडला. ओसरीवर सोडायची तसाच. तिला कळलंही नसावं. मला दोन बादशाह दिसले. तिनं चकत्या पुढे सारल्या. समोरच्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आपले पत्ते टाकून दिले. पुढे एकदा दोन एक्के आले. पुन्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पत्ते टाकले. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा मान राखतो हा, चांगल्या घरचा दिसतो. मग एकदा तिच्याकडे अगदीच भंगार पत्ते होते. तरी तिनं ऐटीत मोठा ढीग पुढे ढकलला, त्याला भेडवायला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शांतपणे तेवढाच ढीग पुढे केला आणि तिच्या निम्म्या चकत्या घेऊन गेला.

सुटी झाली. नात मला हाताला धरून बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेली. मला वाटलं, चहा पाजते.

"आजी, तू पदर ओढते."

मी म्हटलं, थंडी आहे इथी.

"थंडीनं नाई. चांगले पत्ते दिसले का ओढते, कानापाशी. खराब असले का हात मांडीवर राह्यते तुहा. तो तुह्याकडे पाहून खेळून राह्यला."

"तुले कोणं सांगतलं हे?"

"आजोबानं. मी लहान होती तवा. म्हणे, तुह्या आजीच्या पत्त्याकडे नोको पाहू, पदराकडे पाह्य. घरी सगळ्याईले माहीत आहे, आजी. बाबाले, आत्याले. सगळ्याईले."

सासरे, दीर, नणंद, सगळे एकामागून एक पत्ते टाकताहेत आणि मी विजयी मुद्रेनं दोन चिंचोके गोळा करते आहे, हे चित्र इतक्या वर्षांनी मला बाहेरून दिसलं. जाऊ बांधीत का हसायची ते दिसलं. आणि माझे मालक. ते जाऊन काही वर्षं झाली. त्यांनी एवढ्या संसारात हे मला सांगितलं नाही, नातीला सांगितलं. दर पोळ्याला समोर बसून मिशीतल्या मिशीत गंमत पाहत राहिले. मला राग यायला हवा होता. पण त्या परक्या गावच्या व्हरांड्यात ते मला इतके जवळ भासले की मी हसले, आणि मग डोळे पुसले.

डोळे पुसता पुसता डोक्यात किडा वळवळला. जित्या जिवाची खोड. मी तिला म्हटलं की सोपं आहे मग, आता मी खराब पत्त्यांना पदर ओढते, तो कंपाउंडर पळत सुटेल.

तिला हसू आलं, पण क्षणभरच.

"नाई आजी. हे चोरी झाली. पत्ते मीच दाखवले तुले, ते माही सवय आहे, आता नाई दाखवत. पण तू तिथी बसली त मी विसरीन." तिनं माझी शाल नीट केली. "जिंकाचं आहे त माह्या पत्त्यावर जिंकाचं. तू इथीच बस. राग नोको मानू."

मी राग मानला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. ती आत गेली, दार लागलं आणि मी व्हरांड्यातल्या गादीच्या बाकावर एकटी उरले.

तिथून मला फक्त ते दार दिसत होतं. दार उघडायचं आणि एक माणूस बाहेर पडायचा. कुणी फोन लावी, कुणी नुसता उभा राहून भिंतीकडे बघे. एक तरुण सरदारजी माझ्या शेजारी येऊन बसला, बुटांची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि गेला. दर वेळी दार हललं की मी अर्धी उठायची, ती नाही असं दिसलं की हायसं वाटून पुन्हा टेकायची, आणि लगेच त्या बाहेर आलेल्यापुढे मलाच लाज वाटायची. कारण तोही कुणाला तरी शब्द देऊन आला असेल. आपल्या पोरीसाठी दुसऱ्यांची पोरं बाहेर पडावीत असं वाटत होतं मला. ओसरीवर असं कधी वाटलं नव्हतं.

मग ती आली.

शेवटचं टेबल लागायला आणखी दोनच माणसं बाहेर पडायची होती. तिच्याकडे दोन राण्या होत्या, समोरच्याकडे त्याहून हलके पत्ते. तिनं सगळ्या चकत्या पुढे केल्या, त्यानंही केल्या. उघड्या पत्त्यांतला शेवटचा पत्ता त्याच्या कामाचा निघाला. मला हे तिनं बाजारात काय भाव मिळाला ते सांगावं तसं सांगितलं. तो बाह्यांचा स्वेटरवाला होता का, मी विचारलं. नाही, तो नव्हता, दुसराच कुणी नवखा.

मी तिला म्हटलं की बाबाले मी सांगते, आजीच्या पदरानं बुडवलं म्हणून. आणखी एक खेप देईल तो.

"नोको. पदरानं गेल्या होत्या त्या चकत्या मी परत आणल्या होत्या, आजी. मंग पत्त्यानं गेल्या."

परतीच्या वाटेवर ती खिडकीशी झोपून राहिली, किंवा झोपल्यासारखी राहिली. चंद्रपूरहून अहेरीच्या बसमध्ये बसलो, सागाची झाडं सुरू झाली, तेव्हा तिनं डोळे उघडले ते उतरेपर्यंत मिटले नाहीत.

घरी पोचलो. मुलगा अंगणात उभा होता. तिनं चपला काढायच्या आधीच सांगितलं, बाबा, नाई पोचली. त्यानं मान हलवली आणि सुनेला दोघांची ताटं शेजारी लावायला सांगितली. वर्षभरानं बापलेक पानाला पान लावून बसले. भात, वरण, वांग्याची भाजी. त्यानं तिला एकदा भाजी वाढली, तिनं नको म्हटलं नाही.

जेवण झालं तरी तो उठेना. सून ताट उचलायला आली, त्यानं नुसता हात आडवा केला. बोटांवरचा भात वाळत चालला आणि तो ताटासमोर बसून.

मग मला समजलं. आमच्या ओसरीवर जिंकलेला माणूस आपण होऊन कधी उठत नसे. हरलेल्यानं उठा म्हणायचं, तेव्हाच सतरंजी गुंडाळायची. तोवर हरलेल्याला आणखी एक डाव मागायचा हक्क असे आणि जिंकलेल्याला नाही म्हणता येत नसे. मुलगा त्या रीतीनं बसला होता. पत्त्यांना जुगार म्हणणारा माझा मुलगा. तोंडानं देता येईना, म्हणून बसून देत होता.

नातीलाही ते कळलं. तिचा हात ताटातच राहिला. तिनं बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. एक शब्द मागितला असता तर मिळाला असता. तिनं मागावं असं मला वाटत होतं की मागू नये, ते आजही मला सांगता येणार नाही.

"उठा, बाबा."

तो म्हणाला, "मले घाई नाई."

"मले माहीत आहे. उठा."

तो उठला. मोरीत हात धुताना नळ बराच वेळ वाहत राहिला. तिनं त्याचं ताट आपल्या ताटावर ठेवलं, सांडलेली शितं बोटानं गोळा केली आणि आत घेऊन गेली. सोमवारी पहाटेच्या बसनं ती नागपूरला नोकरीवर रुजू व्हायला निघाली. तिची बॅग बसच्या टपावर चढवायला बाप स्वतः गेला होता.