खासबागेतले माग थांबले तेव्हा

आमच्या विणकरांच्या खासबागेत माग कधी थांबत नसत. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत घराघरातून खटखट, खटखट. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस माझं डोकं उठलं होतं. मग इतकी सवय झाली, की आपण बोलताना ओरडतोय हेही कळेना. तसं माझं तोंड मुळातच मोठं. सासूबाई मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याकडं बोट दाखवून म्हणायच्या, "हिला धोट्यासंगं बांधा रं, दोघांची बडबड एकच."

त्याच खासबागेत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता मी चार दिवस पाहिली आहे. एका नटासाठी.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. नाटकात बायकांची कामं बाप्येच लुगडी नेसून करायचे, तसा हाही करायचा. पण हा उभा राहिला की तो बाप्या आहे हे आम्ही बायकाच विसरायचो. खांद्यावर पदर कसा टाकायचा ते मी आईकडून नाही, त्याच्याकडून शिकले. पाहिलं मात्र एकदाच. नाटकाच्या तंबूत बायकांची जागा पार मागं. त्या खेळाला इतकी गर्दी, की निम्म्या बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या. त्यानं गाणं मधेच थांबवलं आणि म्हणाला, "मागं बायकांना बसायला जागा द्या. मग गातो." पुढचे कोट-टोपीवाले उठले, बाई! खुर्च्या हातोहात मागं आल्या. मी जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसले ती त्या दिवशी.

पुढच्या साली त्याची नाटक कंपनी परत आली. दुपारची तालीम चालली होती. वरच्या पडद्याचा लाकडी रूळ सुटला आणि त्याच्या डोक्यात बसला. जवळचं घर म्हणून त्याला आमच्या समोरच्या जैन सूतव्यापाऱ्यांच्या माडीवर आणून निजवलं. डॉक्टर आले. म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय, जराही आवाज नको, शांतता मिळाली तर वाचेल कदाचित.

कुणी दवंडी पिटली नाही. पिटणार तरी कशी? आमच्या सासऱ्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची. आप्पांनी धोटा खाली ठेवला आणि मागाच्या खड्ड्यातून पाय वर घेतले. ते बघून शेजारचा माग थांबला, मग त्याच्या पलीकडचा. संध्याकाळपर्यंत अख्खी खासबाग गप्प. हातावर पोट असलेली माणसं, पण उद्या चूल कशी पेटायची हे कुणी विचारलं नाही. बैलांच्या घुंगरमाळा उतरवल्या. चाकं वाजू नयेत म्हणून रस्त्यावर भाताच्या पेंढ्याचं पिंजर पसरलं. देवळातल्या घंटेला फडकं गुंडाळलं. शेजारणीचं आणि माझं विहिरीच्या दोरावरून रोजचं भांडण, तेही आम्ही नुसत्या हातवाऱ्यांनी केलं. तिनं कमरेवर हात ठेवून असा काही ठेंगा दाखवला, की मला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला तर हसण्याचं रडू झालं. तीही रडायला लागली. एवढ्या माणसांचं गाव एका माणसासाठी श्वास धरून बसलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्या नटाची बायको माडीवरून खाली आली. आमच्या दारात उभी राहिली, पायात काही नाही, डोळे सुजलेले.

"आप्पा, माग सुरू करा."

"आक्का, डॉक्टर नगो म्हणालेत."

"ते डोळे मिटून एकच इचारत्यात. माणसं गेली का? कुणीच कसं न्हाय? मी सांगते, सगळी हाईत, तुमच्यासाठी गप हाईत. त्यास्नी पटत न्हाय. तंबू रिकामा पडलाय म्हणून रडत्यात, आप्पा."

अगं आई गं! आम्ही चार दिवस जीव मुठीत धरून गप्प बसलो, आणि त्याच्या कानाला तो रिकामा तंबू!

अंगणात माणसं जमली. कुणी हलेना. एक जण हळूच म्हणाला, "आन् आवाजानं काय बरंवाईट झालं तर? कुणाच्या माथी?"

ती म्हणाली, "वाचायचं आसंल तर वाचतील. पर असं एकटं नगो वाटायला."

आप्पांनी मागाच्या दोरीकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. मला राग आला. कुणाचा, कुणास ठाऊक. बाईनं मागावर बसायची आमच्या घरात रीत नव्हती. पण माहेरी, बोरगावला, बापानं मला शिकवलं होतं. मी पदर खोचला, खड्ड्यात पाय सोडले, पायाखालची पावडी दाबली आणि धोट्याची दोरी ओढली. खट्.

चार दिवसांनी तो आवाज! आप्पा सरकून बाजूला झाले. मी पुन्हा दोरी ओढली. मग शेजारचा माग वाजला, मग त्याच्या पलीकडचा, मग पुढच्या गल्लीतले. बघता बघता अख्खी खासबाग उठली. आणि मला कळलं, या टाळ्या आहेत. तंबू फाटेल अशा टाळ्या. माडीची खिडकी तिनं सताड उघडली. आप्पा माझ्या बाजूला हात जोडून उभे होते, त्यांच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं.

दुपारी खिडकी मिटली. तरी बराच वेळ कुणी माग थांबवला नाही.

तेरा दिवस झाल्यावर गावाकडं निघताना ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "आवाज सुरू झाला आन् त्येंच्या तोंडावर हसू आलं. मग मला इचारलं, मागं बायकांना बसायला जागा मिळाली का? मी व्हय म्हणाले." माझा हात धरून तिनं विचारलं, "खोटं न्हाय न्हवं सांगितलं मी?"

खोटं कसं? त्या सकाळी मी आप्पांच्या जागेवर बसले होते, आणि आप्पा उभे होते.